तळोद्याकडचं सिस्टरांचं मुलींचं होस्टेल, पालकाचा अनुभव

मुलीला होस्टेलला टाकायचं म्हटलं की आपल्याकडं पहिले प्रश्न ठरलेले, फी किती, जेवण कसं, गेट कधी बंद होतं. त्यातलं थोडं सांगतोच, पण माझ्या मते या होस्टेलची खरी जान म्हणजे तिथं राहणाऱ्या चार सिस्टर, म्हणजे व्रत घेतलेल्या कॅथलिक ख्रिस्ती धर्मभगिनी, आणि त्यांचं एकमेकींसोबत राहणं. माझी भाची पाचवीला तिथं गेली, आता नववीला आहे, त्यामुळं ऐकीव काही लिहीत नाही. होस्टेलचं नाव टाकू नका असं सिस्टरांनीच सांगितलंय म्हणून टाकत नाही, तळोदा-धडगाव बाजूच्या लोकांना कळेलच.

आमची परिस्थिती सांगतो म्हणजे समजेल. ताई आणि भाऊजी दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात, बारडोलीकडं. पाड्यावरची निम्मी घरं तेव्हा रिकामी होतात आणि पोरं आईबापाच्या मागं फडात जातात, शाळा तिथंच सुटते. भाचीचीही सुटलीच असती. नंदुरबारात एकदोन होस्टेल बघितले, एका ठिकाणी तर वॉर्डन महिन्याला बदलत होती आणि रात्री मुलींजवळ कोण असतं याचं धड उत्तर कोणी दिलं नाही. इथं विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, आम्ही इथंच राहतो ना भाऊ, आमचं घरच आहे हे. ते शब्दशः खरं आहे. एकाच आवारात एका बाजूला मुलींच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला सिस्टरांच्या, मधे स्वयंपाकघर आणि छोटं चॅपल, म्हणजे त्यांचं प्रार्थनाघर.

चौघी चार ठिकाणच्या. एक केरळची, एक वसईची, एक झारखंडची, ती स्वतः आदिवासी घरातली, आणि एक आपल्याच जिल्ह्यातली. नातं ना गोतं, भाषा वेगळी, जेवण वेगळं. केरळच्या सिस्टरांना भात लागतो पण दादर ज्वारीची भाकरी अशी थापतात की माझी आई बघत राहिली. झारखंडच्या सिस्टर सगळ्यात लवकर पावरी, म्हणजे इथल्या पावरा आदिवासींची बोली, शिकल्या, पालक आले की त्यांच्याशी पावरीत बोलतात, ज्या बाईला मराठी नीट येत नाही तिला किती आधार वाटतो ते तिथं बसून बघा.

पैशाचं तर मला आधी खरंच वाटेना. त्यातल्या एक सिस्टर जवळच्या शाळेत शिक्षिका आहेत, पगार आहे, पण तो सगळा घराच्या एकाच खात्यात जमा होतो आणि स्वतःला चप्पल घ्यायची तरी मोठ्या सिस्टरांना सांगून घ्यायची. त्यांच्या सँडलचा पट्टा नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलेला मी बघितलाय. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं असतात. आणि ती घाईत घेता येत नाहीत, आधी कमीत कमी एक वर्ष नवशिकी म्हणून राहायचं, मग काही वर्षांसाठी व्रतं, ती किमान तीन वर्षं, आणि नंतर कायमची. एवढं करून जी बाई आपल्या डोंगरात राहायला येते ती दोन महिन्यात कंटाळून जात नाही.

मोठ्या सिस्टर म्हणजे सुपीरियर, घराच्या प्रमुख, त्या पण ठराविक वर्षांसाठीच. आधीच्या सुपीरियर याच घरात आहेत, आता स्वयंपाकघर बघतात, आणि नवीन सुपीरियर वयानं त्यांच्यापेक्षा लहान. ज्यांच्या सहीनं कालपर्यंत सगळं चालायचं त्या आज कोथिंबीर निवडत बसल्यात आणि तोंडावर काही नाही. आमच्याकडं सरपंचपद गेलं की माणूस ग्रामसभेलाच फिरकत नाही.

त्यांची भांडणं होत नाहीत असं नाही हां. होळीच्या सुट्टीवरून दोघींचा चांगला वाद मी ऐकलाय, एक म्हणत होती जास्त दिवस सोडलं तर मुली परत येत नाहीत, दुसरी म्हणत होती काठी गावची आदिवासींची मोठी राजवाडी होळी सोडून मुलगी इथं बसणार का, तिचं मन इथं राहील का. बरोबर दोघींचं होतं. संध्याकाळी चौघी एकत्र बसल्या, ठरवलं, आणि ज्यांचं म्हणणं मान्य झालं नाही त्याच सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी मुलींना निर्णय सांगितला. मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, एका घरात एका मनानं राहणं हाच आमचा पहिला नियम, संत ऑगस्टिननं सोळाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलाय, पटत नसलं तरी झोपायच्या आधी बोलून मोकळं व्हायचं.

याचा मुलींना काय उपयोग ते एका रात्रीचं सांगतो. भाचीच्या खोलीतल्या एका मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आपल्या भागात हा आजार किती आहे माहितीच आहे सगळ्यांना. थंडीत मध्यरात्री तिचे हातपाय दुखायला लागले, ओरडत होती. दोन सिस्टर तिला गाडीत घालून ग्रामीण रुग्णालयात गेल्या, तिसरी घाबरलेल्या मुलींजवळ बसली, चौथीनं पहाटेचा स्वयंपाक एकटीनं उरकला. कोणी कोणाला हाक मारून काम वाटत बसलं नाही. तेव्हापासून थंडीत त्या मुलीच्या आंघोळीचं पाणी रोज तापवलं जातं, दिवसभर पाणी पिते का बघतात, फॉलिक ॲसिडची गोळी सिस्टर समोर उभं राहून देतात. ज्यांची ड्यूटी असेल त्या देतात, एक गावाला गेली म्हणून गोळी चुकली असं झालेलं नाही. पगारी वॉर्डन कितीही चांगली असली तरी ती एकटी असते, इथला फरक मला तो वाटतो.

आता तो प्रश्न, जो सगळे हळूच विचारतात, धर्म बदलायला सांगतात का. आमच्या पोरीला कोणी सांगितलेलं नाही. सिस्टर स्वतः पहाटे पाचला चॅपलमध्ये असतात, संध्याकाळी परत प्रार्थना, रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना. ज्या मुली ख्रिस्ती आहेत त्या जातात, बाकीच्या अभ्यासाला बसतात. भाचीला नाताळची गाणी सगळी पाठ आहेत आणि महाशिवरात्रीला ती आमच्यासोबत देवमोगराला आम्हा आदिवासींची देवी याहा मोगीच्या दर्शनाला येते, त्यासाठी रजा मिळते, परत गेली की सिस्टर प्रसाद मागून घेतात. मी एकदा सरळच विचारलं होतं की मग तुमचं मिशन काय. वसईच्या सिस्टर म्हणाल्या, 1965 साली रोमच्या मोठ्या धर्मपरिषदेनं व्रत घेतलेल्यांच्या सगळ्या संघांना सांगितलं की तुमच्या संस्थापकांनी काम कशासाठी सुरू केलं ते परत बघा आणि आजच्या काळाची गरज काय ते पण बघा, त्यानंतर कितीतरी संघ शहरातल्या मोठ्या शाळांच्या जोडीला खेड्यापाड्यात उतरले. त्या म्हणाल्या, आम्ही चौघी चार कोपऱ्यातून येऊन भांडून-समजून एकत्र राहतो हे मुलींनी रोज बघितलं तरी आमचं निम्मं मिशन झालं. मला ते पटलं, कारण भिल्ल, पावरा, मावची अशा वेगवेगळ्या जमातींच्या सगळ्या मुली एका ताटात जेवताना मी तिथंच बघितल्या.

आता जे आवडलं नाही ते. बदल्या. मे-जूनमध्ये वरून आदेश येतो आणि सिस्टर बॅग उचलून निघतात, आज्ञापालनाचं व्रत आहे हे मान्य, पण भाचीला ज्यांचा लळा लागला होता त्या सिस्टर दुसऱ्या राज्यात गेल्या तेव्हा पोर आठवडाभर नीट जेवली नाही. मुलींना आधी सांगायला पाहिजे, निरोप द्यायला वेळ द्यायला पाहिजे, हे मी मोठ्या सिस्टरांना तोंडावर बोललोय. गणित कच्चं राहतं, आठवीनंतर बाहेरचा शिक्षक लावा. एप्रिलमध्ये बोअरचं पाणी कमी होतं, कपडे धुवायचे वांधे होतात. खिचडी आठवड्यात जरा जास्तच वेळा असते. आणि भेटायचा महिन्यातला एकच रविवार, ऊसतोडीवरून येणाऱ्या आईबापाला तो कसा जमणार, यात सूट द्यावी असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

फी आपल्या लोकांना परवडेल अशी आहे, ज्वारी-तांदूळ दिला तरी हिशोबात धरतात. प्रवेशाचं एप्रिलमध्येच विचारा, जूनला जागा राहत नाही. जातीचा दाखला, आधार, शाळेचा दाखला, आणि सिकलसेलची तपासणी झाली असेल तर ते कार्ड नक्की न्या, लपवू नका. फोन सकाळी सातनंतर करा, त्याआधी कोणी उचलत नाही, आणि संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी पण नाही. मुलीसोबत जाड गोधडी द्या, डिसेंबरात तिथं थंडी फार पडते.