अकरावीतल्या मुलीसाठी काय बरं: कानाला फोन, वायरचा इयरफोन की ब्लूटूथ?

दहावीचा निकाल लागला की पुण्यात कित्येक घरांत मुलांच्या हातात पहिला फोन येतो. नवं कॉलेज, संध्याकाळचा क्लास, पीएमपीला उशीर झाला तर घरी कळवायचं. आमच्याकडेही तसाच आला, आणि नेमका त्याच सुमारास समोरच्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर उभा राहिला. सगळी काळजी टॉवरमधून निघणाऱ्या रेडिओ लहरींची. मुलगी रोज तास-तासभर फोन कानाला लावून बसते, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. माझ्या मते ही काळजी उलट्या जागी चालली होती.

टॉवरच्या अँटेनाची शक्ती दहा-वीस वॉट किंवा त्याहून जास्त, पण ती असते तीस-चाळीस मीटरवर. फोर-जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॉटच्या आसपास सोडतो, पण कवटीपासून बोटभर अंतरावर. अंतर दुप्पट झालं की लहरींची तीव्रता एक चतुर्थांश होते. त्यामुळे मुलांच्या डोक्यात जे शोषलं जातं त्यातला मोठा वाटा सहसा त्यांच्या स्वतःच्या फोनचा असतो. अँटेनाचा झोत जवळपास आडवा जातो, म्हणून थेट खालच्या घरापेक्षा समोरच्या, त्याच उंचीवरच्या घराला तो जास्त लागतो. तुमची बाल्कनी तशी असेल तर दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर शुल्क भरून लहरींची मोजणी जरूर मागवा. भारताने २०१२ मध्ये टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली, तिच्याशी ताडून पाहता येतं. पण टॉवर हटवून रेंज गेली तर फोनच जोर लावतो. पेठेतल्या जाड भिंतींचा वाडा, तळघरातलं पार्किंग, सिंहगडाचा घाट: रेंजची एकच काडी दिसते तिथे फोन आपल्या कमाल शक्तीकडे जातो. भरपूर रेंज असेल तर तोच फोन त्याच्या कितीतरी पट कमी शक्तीवर काम भागवतो.

आता तिन्ही पर्याय. जुन्या टू-जी कॉलमध्ये फोन क्षणाक्षणाला २ वॉटपर्यंत जायचा. पण टू-जीत वेळेचे आठ तुकडे पाडून फोन त्यातल्या एकाच तुकड्यात लहरी सोडत असल्याने सरासरी ०.२५ वॉट. फोर-जीवर चांगल्या रेंजमध्ये हा आकडा खूप खाली येतो, म्हणून दोन मिनिटांचा ‘पोचले’ एवढा कॉल कानाला लावून केला तर मला काही वाटत नाही. मैत्रिणीशी तासभर बोलायचं असेल तर वायरचा इयरफोन सगळ्यांत उत्तम. फोन टेबलावर राहतो आणि डोक्यापर्यंत फारच थोडं पोचतं. अडचण एवढीच की मुलांना वायर नको असते, आणि बऱ्याच नव्या फोनना गोल जॅक नसतो. मग टाइप-सीचा घ्यावा लागतो.

ब्लूटूथचे बड्स साधारण २.५ ते १० मिलिवॉटवर चालतात, म्हणजे फोनच्या कमाल शक्तीच्या विसाव्या हिश्शापर्यंत किंवा त्याहूनही कमी. रेंज वाईट असेल तर कानाला फोन लावण्यापेक्षा ते निश्चित बरे. रेंज चांगली असेल तर फरक फारसा उरत नाही, शिवाय फोन खिशात जातो आणि तिथे मांडीला चिकटून बसतो. सॅकमध्ये ठेवायला सांगा. आणि सायकल-स्कूटीवर बड्स अजिबात नकोत. मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू न येणं हा या सगळ्या लहरींपेक्षा मोठा धोका आहे, हे मी मुलीला हात जोडून सांगते.

वाय-फाय की मोबाइल डेटा? घरात वाय-फाय. राउटर ०.१ वॉटचा धरला आणि तो अखंड चालू आहे असं मानलं, तरी २ मीटरवर दर चौरस मीटरला ०.००२ वॉट पडतात; आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे १० वॉट. उशाशी नको, एवढंच.

फोन घेताना *#०७# दाबून सार मूल्य (SAR, म्हणजे शरीर फोनच्या लहरींची किती ऊर्जा शोषतं त्याचा आकडा) बघणारे पालक भेटतात. भारतात ते १ ग्रॅम ऊतीवर १.६ वॉट प्रति किलोच्या आत असावंच लागतं. पण हा आकडा कमाल शक्तीवर मोजलेला असतो. ०.९ आणि १.२ मधल्या फरकासाठी जास्त पैसे मोजू नका. त्याहून मोठा फरक रेंजने आणि वापराच्या सवयीने पडतो.

धोका किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरी ‘कदाचित कर्ककारक’ गटात ठेवल्या. नंतर भारतासह १४ देशांतल्या १० ते २४ वयोगटाच्या मोबी-किड्स अभ्यासात मेंदूतील गाठींचा धोका वाढल्याचं आढळलं नाही. मी घाबरलेली नाही. पण मुलीपुढे अजून साठ-सत्तर वर्षांचा फोन आहे आणि वायरचा इयरफोन काहीशे रुपयांत मिळतो, म्हणून तो घेतला. रात्री फोन बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारच्या फळीवर चार्जिंगला असतो.