सात महिन्यांत नऊ ग्लो प्लग, आणि खरी भानगड तांब्याच्या वॉशरची

मृगापासून संक्रांतीपर्यंतचा हा हिशेब. गाडी म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी बग्गी, खऱ्या गाडीच्या 1/8 आकाराची. इंजिन 3.5 सीसी, हेड (सिलिंडरवरचं झाकण) साध्या प्लगचं, फ्युएल मेथॅनॉलचं, त्यात 25 टक्के नायट्रो (नायट्रोमिथेन). ग्लो प्लग म्हणजे हेडात बसणारा आणि तापलेल्या तारेने मिश्रण पेटवणारा प्लग. गाडी चालते ती रत्नागिरीजवळच्या कातळसड्यावर, नाहीतर ओहोटीला घट्ट झालेल्या पुळणीवर. या काळात नऊ प्लग लागले. त्यातले निदान पाच वाचले असते.

आधी मॉडेलचं. ओएस कंपनीचा आठ नंबर, म्हणजे मध्यम गरम प्लग, या इंजिनाला चांगला बसला. पावसाळ्यात आयडलला (थ्रॉटल सोडल्यावर) इंजिन बंद पडायला लागलं तेव्हा वाटलं, दमट हवेला जास्त गरम प्लग हवा. म्हणून एक गरम प्लग लावला. आयडल सुधारलं, पण फुल थ्रॉटलला कडकड आवाज यायला लागला आणि चौथ्या टाकीनंतर प्लग काढला तर तार चेपून आत गेलेली. कारण सरळ आहे. इग्नायटर (सुरू करताना प्लगची तार तापवणारी बॅटरीची क्लिप) काढल्यावर तार जळत राहते ती प्लॅटिनम आणि मेथॅनॉलच्या रासायनिक क्रियेवर आणि कॉम्प्रेशनच्या उष्णतेवर. प्लग जितका गरम, तितकं मिश्रण लवकर पेटतं. नायट्रो जास्त, इंजिन मोठं, हवा तापलेली, तर प्लग थंडाकडे न्यायचा. इंजिन छोटं आणि नायट्रो कमी, तर गरमाकडे.

तेव्हा ‘पावसाळ्यात गरम प्लग’ हे माझं मत मी मागे घेतो. दोष प्लगचा नव्हताच. दमट हवेत ऑक्सिजन कमी पडतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या सेटिंगवर इंजिन रिच (हवेच्या मानाने फ्युएल जास्त) चालतं. त्यात मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढून घेतो. अर्धा रिकामा कॅन आठवडाभर सैल झाकणाने ठेवला की त्या फ्युएलवर कुठलाच प्लग धड आयडल देत नाही. फ्युएल भरलेल्या छोट्या बाटल्यांत काठोकाठ ठेवायचं आणि कार्बुरेटरची फ्युएल कमी-जास्त करणारी सुई घड्याळातल्या एका तासाएवढीच आत फिरवून बघायची. हेडवर पाण्याचा थेंब साधारण तीन सेकंदांत उडाला तर ठीक. पडताक्षणी उडाला तर लीन (फ्युएल कमी) झालंय, सुई परत बाहेर.

आता वॉशर. आठ नंबरच्या गळ्यात तांब्याचा पातळ वॉशर असतो, नखाएवढाही नाही. माझ्या पाचातल्या तीन प्लगांचा जीव त्याने घेतला.

प्लग काढताना जुना वॉशर बऱ्याचदा प्लगबरोबर येत नाही. हेडच्या खळग्यात चिकटून बसतो आणि काजळीने इतका काळा होतो की हेडचाच भाग वाटतो. त्यावर नवा प्लग नव्या वॉशरसकट बसवला की वॉशर झाले दोन. प्लग वर राहतो, कॉम्प्रेशन उतरतं, आयडल डळमळतं, आणि आपण समजतो नवा प्लग खराब निघाला. उलट वॉशर हरवला तर प्लग खोल बसतो. खालचे आटे ज्वलनकक्षात डोकावतात, त्यांच्यावर काजळी जमते, आणि पुढच्या वेळी प्लग काढताना ती हेडचे ॲल्युमिनियमचे आटे खरवडून काढते. हेड बदलायचं म्हणजे प्लगच्या कितीतरी पट खर्च. म्हणून प्लग काढला की टॉर्च लावून खळग्यात बघायचं आणि वॉशर मोजायचा. एकच.

बसवायची पद्धत अशी. प्लगला हात लावण्याआधी भोवतालचा खळगा फुंकून, ब्रशने साफ करायचा. सड्याची लाल धूळ किंवा पुळणीची वाळू सिलिंडरमध्ये गेली की पिस्टन-स्लीव्ह गेलेच समजा. आटे पाव इंची, इंचाला 32, म्हणून पहिले तीन-चार फेरे बोटांनीच. अडलं तर काढून पुन्हा. मग 8 मिमीच्या पान्याने नवा वॉशर दबेल इतका, साधारण पाव फेरा. इंजिन थंड असतानाच. शेवटी प्लगच्या बुडाशी फ्युएलचा थेंब टाकून फ्लायव्हील हाताने फिरवायचं. बुडबुडे आले तर गळतंय.

टर्बो हेडवाल्यांना ही कटकट नाही. त्यांचा प्लग निमुळत्या बैठकीवर बसतो, वॉशर नसतोच. पण त्याचे आटे वेगळे, साध्या हेडात तो लावू नका.

तार बघून निदान होतं. चकचकीत आणि सरळ असेल तर ठीक. करडी, खरखरीत असेल तर लीन. ओली असेल तर रिच. चेपलेली असेल तर प्लग फार गरम किंवा कॉम्प्रेशन जास्त. तेव्हा हेडखाली 0.1 मिमीची शिम (पातळ चकती) घालून बघावी. आणि बाहेर तार छान नारिंगी पेटते म्हणून प्लग चांगला, असं धरू नका. प्लॅटिनमवर थर बसलेला प्लग हातात पेटतो आणि इग्नायटर काढताच इंजिन बंद. इग्नायटरही 1.2 ते 1.5 व्होल्टचाच हवा. 3.7 व्होल्टचा लिथियम सेल थेट लावला तर तार तिथेच तुटते. खाऱ्या हवेत इग्नायटरच्या क्लिपवर हिरवट थर चढतो. प्लग फेकून देण्याआधी ती क्लिप पॉलिशपेपरने घासून बघा, माझा एक चांगला प्लग तसा फुकट गेला.

दिवस संपला की टाकी रिकामी करून उरलेलं फ्युएल जाळायचं, प्लग काढून सिलिंडरमध्ये हलक्या तेलाचे चार थेंब टाकून दहाएक वेळा फिरवायचं. इथल्या हवेत हे चुकवलं तर बेअरिंग गंजतात.

तक्रार एका विक्रेत्याची. पाकिटातून प्लग वॉशरविनाच आला. फोटो पाठवले तर उत्तर मिळालं, ‘सील उघडलं की परत नाही’. सुटा वॉशर पाठवा म्हटलं, तर तोही विकत नाहीत. शेवटी जुने वॉशर चिमट्यात धरून गॅसवर लालसर होईपर्यंत तापवले, पाण्यात टाकले, मऊ झाले, काचेवर पॉलिशपेपरने सपाट केले. असा वॉशर दोनदा चालतो, तिसऱ्यांदा गळतो. प्लगचा भाव दहा रुपयांनी वाढवा, पण प्रत्येक पाकिटात दोन वॉशर जास्तीचे टाका.