सासूबाईंसाठी घेतलेला ग्लुकोमीटर: आठ महिन्यांनंतर

गणपतीनंतरच्या तपासणीत सासूबाईंची शुगर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि घरी शुगर मोजायचं मशीन, म्हणजे ग्लुकोमीटर, ठेवायला सांगितलं. सप्टेंबरअखेर आणलं, आता मे संपत आला. पट्ट्यांची चौथी डबी चालू आहे आणि प्रत्येक आकडा वहीत लिहिलेला आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं कुठल्याही मशीनला लागू पडेल.

पट्टीच्या टोकाला थेंब टेकवला की तो आत ओढला जातो आणि पाच सेकंदांत आकडा येतो. त्या पाच सेकंदांत काय होतं ते कळलं, तेव्हा माझा विश्वास बसला. पट्टीवर एक एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) वाळवून बसवलेलं असतं, बहुतेक ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डिहायड्रोजिनेज. ते ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं, मधला एक रासायनिक पदार्थ ते इलेक्ट्रोडपर्यंत पोचवतो आणि मशीन तो बारीकसा करंट मोजतं. ग्लुकोज जास्त, तर करंट जास्त. एन्झाइम आणि इलेक्ट्रोड यांची जोडी लावायची ही कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांनी 1962 साली मांडली होती.

माझे आजोबा शुगर तपासायला परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घेऊन, त्यात लघवीचे आठ थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. साखर जितकी जास्त, तितका रंग पुढचा: हिरवं, पिवळं, नारिंगी, शेवटी विटकरी. पण रक्तातली साखर साधारण 180 च्या (म्हणजे 100 मिलीलीटर रक्तात 180 मिलिग्रॅम, पुढचे आकडेही याच मापात) पुढे गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. शुगर खाली गेलेली तर त्या नळीत दिसायचीच नाही.

आणि आम्हाला नेमकी तीच दिसायला हवी होती. कार्तिकी एकादशीला सासूबाईंनी सकाळची गोळी नेहमीसारखी घेतली आणि दिवसभर नुसतं ताक. चारच्या सुमाराला म्हणाल्या, "अगं, मला कसंतरीच होतंय." हात थरथरत होते, पोलकं घामाने भिजलं होतं. मशीनवर 58. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी परत पाहिलं: 84. चार लिटर रक्त धरलं, तर 58 म्हणजे सगळ्या अंगातल्या रक्तात मिळून सव्वादोन ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज, जेमतेम अर्धा चमचा. मेंदूचं त्यावरच चालायचं.

त्यांची गोळी सल्फोनिलयुरिया गटातली आहे. ती स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची पोटॅशियम बाहेर जाण्याची वाट बंद करते. त्यामुळे पेशीच्या पडद्यावरचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियमची दारं उघडतात, ते आत शिरतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. पोटात अन्न आहे की नाही, हे ती गोळी बघत नाही. डॉक्टरांनी नंतर मात्रा कमी केली आणि उपासाच्या दिवशी काय करायचं ते लिहून दिलं. ज्यांच्या घरी अशी गोळी आणि उपास दोन्ही आहेत, त्यांनी हे आधीच विचारून घ्या, कळकळीने सांगते.

आता चुकीच्या आकड्यांबद्दल. या महिन्यात एकदा 291 आला आणि घरात सगळे घाबरले. सासूबाई हापूस चिरत होत्या, हात फडक्याला पुसून तशाच बसल्या होत्या. साबणाने हात धुऊन, कोरडे करून दुसऱ्या बोटाला टोचलं तर 146. पट्टीला लागतं एक मायक्रोलीटर किंवा त्याहूनही कमी रक्त. 146 च्या हिशेबाने एका मायक्रोलीटरमध्ये ग्लुकोज असतं दीड मायक्रोग्रॅम. बोटावर वाळलेल्या रसाचा एवढासा अंश आकडा दुप्पट करायला पुरतो.

लॅबशी ताळाही पाहिला. जानेवारीत लॅबचा आकडा 118, त्याच वेळी आमचा 134. मशीनसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात शंभराच्या वर 15 टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे हे ठीकच. मार्चमध्ये मात्र लॅबचा 109 आणि आमचा 138. मशीन बिघडलं असं वाटलं. मग आठवलं, त्या दिवशी रक्त घरी येऊन साध्या नळीत नेलं होतं आणि ते पोचायला तीन तास लागले होते. लाल पेशींना मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) नसतात, त्या ग्लुकोजवरच जगतात आणि नळीतही ते खात राहतात, तासाला साधारण 5 ते 7 टक्के. म्हणून शुगरसाठी राखाडी बुचाची, फ्लोराइडची नळी असते. फ्लोराइड एनोलेज हे एन्झाइम अडवतं आणि ग्लुकोजचं विघटन हळूहळू थांबतं. आता मी नळी बघून घेते.

तक्रारी आहेतच. मशीन एकदाच घ्यायचं, पट्ट्या मात्र कायमच्या. आम्हाला एक वीस रुपयांच्या आसपास पडते. कोकणातल्या दमट हवेत डबीचं झाकण रात्रभर उघडं राहिलं, तर पट्ट्या गेल्याच म्हणायच्या. परतीच्या पावसात आमच्या बारा गेल्या. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला कमी दुखतं. रक्त येत नसेल तर पिळू नका, हात खाली सोडून थोडं थांबा.

सगळ्यात उपयोग झाला तो जेवणानंतरच्या आकड्यांचा. तेच जेवण, पण नंतर बसून राहिल्या तर 188 आणि अंगणात वीस मिनिटं फेऱ्या मारल्या तर 154. आठवडाभर आलटूनपालटून पाहिलं, रोज असाच फरक. स्नायू आकुंचन पावले की त्यांच्यातले ग्लूट-4 वाहक इन्सुलिनची वाट न बघता पेशीच्या पडद्यावर येतात आणि ग्लुकोज आत घेतात. हे मी सासूबाईंना अंगणात बसून समजावलं. त्या दिवसापासून जेवण झालं की त्या स्वतःच चपला घालतात आणि परत आल्यावर हात धुऊन वही मागतात.