जुनी रेमिंग्टन ११००: काही महिने वापरल्यावर, ‘बदल करावे लागतात का?’ या प्रश्नाबद्दल

उत्तर आधीच सांगून टाकतो: नाही लागत. सत्तरच्या दशकातली बारा बोअरची रेमिंग्टन ११०० ही छर्ऱ्यांची बंदूक मी इथे अमेरिकेत सॅन अँटोनियोत सेकंडहँड घेतली, ट्रॅप आणि स्कीट खेळायला, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या टिपायला. काही हजार काडतुसं उडवून झाली. तिच्यात एकही ‘अपग्रेड’ बसवलेलं नाही, आणि आता ती अडकत नाही. घेतली तेव्हा मात्र अडकत होती. म्हणूनच हे लिहितोय, कारण त्या दिवसांत रेंजवर जो भेटेल तो एक तर काहीतरी विकत घे म्हणायचा, नाहीतर कुठेतरी भोक पाडून घे म्हणायचा.

बंदुकीबद्दल थोडक्यात. हे मॉडेल १९६३ साली आलं आणि तेव्हापासून चाळीस लाखांहून जास्त विकलं गेलं. गॅसवर चालणारी सेमी-ऑटो, म्हणजे दर बाराला चाप ओढायचा, पुढचं काडतूस आपोआप चढतं. वजन साडेतीन किलोच्या आसपास, म्हणजे दिवसभर खांद्यावर घेऊन हिंडायला जडच, पण त्या वजनामुळे आणि गॅसमुळे धक्का इतका मऊ येतो की शंभर तबकड्यांनंतरही खांदा कुरकुरत नाही. दोन नळ्यांच्या बंदुकीवरून आलेल्या माणसाला हा फरक पहिल्याच फेरीत कळतो. तोल छान, झोका गुळगुळीत. यावर जास्त लिहीत नाही, सगळेच लिहितात.

आता अडकण्याचं. बार झाला की छर्रे नळीतून पुढे जातात आणि नळीच्या खालच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून थोडा गॅस खाली उतरतो. मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं भरून ठेवायच्या, नळीभोवती बसवलेल्या पिस्टनला तो मागे ढकलतो, पिस्टनमुळे बोल्ट (काडतुसामागचं सरकतं झाकण) उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, आणि दस्त्यात दडलेली लांब स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे आणते. सगळा कारभार त्या चिमूटभर गॅसवर. गॅस कमी पडला तर बोल्ट अर्ध्यातून परततो, जास्त झाला तर मागे आपटतो. माझ्याकडे कमी पडत होता. २४ ग्रॅम छर्ऱ्यांची हलकी काडतुसं घातली की तिसऱ्या-चौथ्या बाराला पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतच उभी, तोंड आभाळाकडे, आणि मागून बोल्टने तिला कडेला दाबून धरलेलं. ३२ ग्रॅमची घातली की बरीचशी नीट चालायची.

यावर ठरलेला सल्ला म्हणजे ‘पोर्ट’ मोठे करून घे, म्हणजे ती गॅसची छिद्रं ड्रिलने वाढवून घे. महाराष्ट्र मंडळामुळे ओळख झालेले एक काका आमच्याबरोबर रेंजवर येतात. पुण्यात आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. त्यांना म्हटलं, “काका, छिद्र मोठं करून घेऊ का? सगळे तेच म्हणतायत.” काकांनी बंदूक हातात घेऊन बोल्ट सावकाश मागे ओढला, सोडला, परत ओढला. म्हणाले, “अरे, मोठं करता येतं, परत लहान नाही करता येत. हा बोल्ट बघ कसा रेंगाळतोय. आधी धुऊन तर बघ.”

धुतली. ११०० मध्ये पिस्टनच्या पुढे एक रबरी ओ-रिंग असते, गॅस निसटू नये म्हणून. माझ्या बंदुकीतली काढली तर चपटी झालेली, कडक, आणि एका जागी कडेला चीर. ही रिंग झिजणारच, तिचं कामच ते. दोन-तीन डॉलरची वस्तू. बदलली. मग दस्ता काढला. (हे करताना बंदूक रिकामी आहे ना, हे चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) आणि मॅगझिन दोन्हींत डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. आणि ती स्प्रिंग दाबलेली असते, तोंडावर घेऊ नका.) स्प्रिंगच्या नळीत जुनं तेल वाळून काकवीसारखं चिकट झालेलं होतं. किती वर्षांचं कोण जाणे. स्प्रिंग बाहेर काढून सॉल्व्हंटने धुतली, नळी चिंध्यांनी पुसली, पाण्याच्या ओलीचा डाग दिसला तिथे बारीक स्टीलवूल फिरवली. बोल्ट परत ओढून बघितला तर हाताला लागणारा जोरच वेगळा.

तिसरी गोष्ट चेंबरची. प्लॅस्टिकच्या पुंगळ्यांचा थर आत साचतो, तो नुसत्या ब्रशने निघत नाही. चार शून्यांची स्टीलवूल ब्रशवर गुंडाळून फिरवली, तेव्हा आत आरशासारखं दिसायला लागलं. स्वस्त काडतुसांचं पितळेसारखं दिसणारं बूड पुष्कळदा लोखंडी असतं. बार झाल्यावर ते फुगतं आणि पितळेसारखं आक्रसत नाही, त्यामुळे घाण चेंबरमध्ये घट्ट बसतं. कंपनीचं नाव घेत नाही, पण बूडाला चुंबक लावून बघायची सवय मला त्यानंतर लागली.

एवढं झाल्यावर २४ ग्रॅमची काडतुसंही चालायला लागली. ड्रिल कपाटातच राहिलं.

तरी एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. ११०० दोन प्रकारच्या येतात, पावणेतीन इंची काडतुसांची आणि तीन इंची मॅग्नमची. मॅग्नमच्या नळीत गॅसची वाट मुद्दाम कमी ठेवलेली असते, कारण त्या काडतुसांत दाब भरपूर. तिच्यात हलकी ट्रॅपची काडतुसं घातली तर ती अडकणारच, मग कितीही धुवा. ड्रिलचा सल्ला मुळात इथून आला असावा, आणि मग सरसकट सगळ्यांना वाटला जाऊ लागला. मॅग्नमची छिद्रं वाढवली तर हलकी काडतुसं चालतील, पण मग त्याच नळीत जड काडतूस घातलं की बोल्ट दणकून मागे जाईल आणि मार सांगाड्याला बसेल. त्यापेक्षा पावणेतीन इंची चेंबरची वेगळी नळी मिळते का बघा. मात्र तिच्यात तीन इंची काडतूस चुकूनही घालायचं नाही.

ही अडचण काही आजची नाही. अमेरिकन बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंगच्या ऑटो-५ या सेमी-ऑटो बंदुकीचं पेटंट १९०० सालचं. ती गॅसवर नाही, धक्क्यावर चालते. तिच्यात पुढच्या लाकडाखाली घर्षणाच्या कड्या असतात. जड काडतुसांना एक रचना, हलक्यांना दुसरी, आणि ती मालकाने स्वतः बदलायची. रेमिंग्टननेच १९८७ मध्ये ११-८७ काढली, ती जास्तीचा गॅस आपोआप सोडून देते. बेनेली या कंपनीच्या इनर्शियावर (जडत्वावर) चालणाऱ्या बंदुकांत गॅसच नाही, पण तिथे बंदुकीला धक्क्याने मागे सरकू द्यावं लागतं. वर टॉर्च, काडतुसांचे पट्टे वगैरे लादले की हलक्या काडतुसांना तीही कुरकुरू शकते. म्हणजे तिथे उलट ‘बदल’ केल्यानेच बिघडायची शक्यता.

बाजारातल्या बाकी सामानाचं: मोठी बोल्टची मूठ थंडीत हातमोजे घातले तर सोयीची, पण ती सोय झाली, विश्वासार्हता नव्हे. मॅगझिनमधला रंगीत फॉलोअर (काडतुसांना ढकलणारा तुकडा) दिसायला बरा. जास्त ताकदीची रिकॉइल स्प्रिंग (दस्त्यातली तीच) मात्र हलकी काडतुसं वापरणाऱ्याने घेऊच नये. तिला मागे दाबायलाच जास्त जोर लागतो, म्हणजे गॅस आधीच कमी तिथे अजून खर्च वाढवायचा. हे विकणारे लोक ते सांगत नाहीत.

माझा आत्ताचा रिवाज असा की रेंजवरून आल्यावर पिस्टन आणि मॅगझिनची नळी पुसायची, तेलाचा अगदी पुसट हात द्यायचा. तेल ओतलं की गॅसच्या उष्णतेने त्याचाच कोळसा होतो आणि पिस्टन जड होतो. मॅगझिनच्या नळीच्या टोकाची टोपी हाताने घट्ट, पकडीने नाही. या बंदुकीचं पुढचं लाकूड तडकल्याचं बरेचदा बघायला मिळतं. खिशात एक जादा ओ-रिंग.

सुट्या भागांची धास्ती काही जणांना वाटते, कारण कंपनी २०१८ आणि २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली, तुकडे तुकडे करून विकली गेली, आणि न्यूयॉर्क राज्यातला इलियनचा जुना कारखाना २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाला. पण लाखोंनी बंदुका बाहेर आहेत, त्यामुळे रिंगा, स्प्रिंगा, पिस्टन मला तरी सहज मिळाले.

सेकंडहँड बघायला जात असाल तर अनुक्रमांकाचं शेवटचं अक्षर वाचा. बारा बोअरमध्ये ‘व्ही’ म्हणजे पावणेतीन इंची, ‘एम’ म्हणजे मॅग्नम. मग नळीवर काय कोरलंय तेही वाचा, कारण या पन्नास-साठ वर्षांत पुष्कळांनी नळ्या अदलाबदल केल्या आहेत. बोल्ट हाताने मागे घेऊन सोडा. तो रेंगाळत पुढे आला तर किंमत थोडी पाडून मागा, आणि घरी आल्यावर आधी दस्ता काढा.