सीओपीडी असताना घरपोच जनुकीय चाचणी करून घेतली, त्याबद्दल

मला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याचा फुप्फुसाचा आजार आहे. सिगारेट सुटून बरीच वर्षं झाली, तरी सीटी स्कॅनमध्ये एम्फिसीमा (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांची झीज) दिसतोच. थोरला भाऊ फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला, म्हणून मुलीने माझ्यासाठी ‘फुप्फुसाच्या कर्करोगाचा जनुकीय धोका’ सांगणारं हे किट मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तिच्यासाठी किंवा तिच्याविरुद्ध प्रचार करायचा नाही. माझ्यासारख्या धाप लागणाऱ्या माणसाला अशा किटचा कितपत उपयोग होतो, एवढंच सांगायचंय.

आधी लाळ देण्याबद्दल. नळीत खुणेपर्यंत लाळ भरायची, वरचा फेस मोजायचा नाही आणि आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. निरोगी माणसाला हे सहज जमतं. टायोट्रोपियम (श्वासनळ्या मोकळ्या करणारं पंपातलं औषध) घेणाऱ्यांचं तोंड मात्र अनेकदा कोरडं पडतं, आणि स्टेरॉइडचा पंप मारला की चूळ भरावीच लागते. मग आधी पंप की आधी नळी? किटमधल्या कागदावर यावर एक ओळ नाही. मी सकाळी उठल्या उठल्या बसलो, गाल बाहेरून चोळत, मधेमधे दम खात थोडी थोडी लाळ जमवली आणि लगेच नेहमीचा पंप घेतला. ज्या दिवशी उठतानाच धाप लागली असेल त्या दिवशी आधी पंप घ्या, नळी दुसऱ्या दिवशीही भरता येते.

रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लाल काटा: धोका सरासरीपेक्षा जास्त. मुलगी घाबरली. आतली पानं वाचल्यावर कळतं की काटा हलला तो मुख्यतः पंधराव्या गुणसूत्रावरच्या एका बदलामुळे. निकोटिन पेशीवर ज्या रिसेप्टरला चिकटतं, त्याची जनुकं तिथे आहेत. त्यांचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंध २००८ मध्ये समोर आला, नंतर सीओपीडीशीही जुळला. हा बदल असलेल्या माणसाला सिगारेट जास्त घट्ट धरते आणि तो ओढतोही जास्त. ही माहिती रिपोर्टमध्ये छान समजावली आहे, त्याचं श्रेय द्यायला हवं.

पण अशा एका बदलामागे कर्करोगाचा धोका वाढतो तो साधारण ३० टक्के. धूम्रपानाचा हिशेब बाजूला काढला तरी नुसता सीओपीडी तो जवळपास दुप्पट करतो. आणि या कंपनीने मला सीओपीडी आहे का, मी किती ओढली, कधी सोडली, यातलं काहीच विचारलं नव्हतं! मग हा काटा माझा कसा? हिरवा आला असता तर मी निर्धास्त झालो असतो, आणि ते जास्त घातक ठरलं असतं.

अल्फा-१ अँटिट्रिप्सिन, म्हणजे फुप्फुसांना जपणारं रक्तातलं एक प्रथिन, त्याच्या कमतरतेचं पान कामाचं आहे. हा आनुवंशिक दोष १९६३ मध्ये स्वीडनमध्ये सापडला आणि त्यातून कमी वयातही एम्फिसीमा होतो. मात्र किट फक्त झेड आणि एस हे दोन प्रकार बघतं, दुर्मीळ प्रकार सुटतात. सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी एकदा तरी व्हावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि ती साध्या रक्तचाचणीने सुरू होते. तुमची झाली नसेल तर छातीच्या डॉक्टरांना विचारा, किटची गरज नाही.

सगळ्यात संताप आला तो ॲपमधल्या शिफारशीचा. लाल काट्याखालीच ‘फुप्फुसांच्या रक्षणासाठी’ गोळ्या, त्यात बीटा-कॅरोटीन! धूम्रपान करणाऱ्यांवर फिनलंडमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. हे १९९४ मध्येच छापून आलंय. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. ज्यांचा धोका आधीच वाढलेला आहे त्यांनाच हे विकायचं? मी कंपनीला लिहिलं, उत्तर आलेलं नाही.

पैसे वसूल झाले ते किटसोबत मिळालेल्या जनुकीय समुपदेशक बाईंच्या फोनमुळे. त्यांनी काट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घरात कोणाला, कितव्या वर्षी, ते ओढत होते का, असं विचारत वंशावळच काढली. भावाच्या गाठीत ईजीएफआर या जनुकातला बदल सापडला होता, त्यामुळे धाकटी बहीण धास्तावलेली. असा बदल जवळजवळ नेहमी गाठीतच घडलेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो, हे त्यांनी तिलाही फोनवर घेऊन सांगितलं. सख्ख्या भावाला झाला म्हणजे धोका थोडा वाढतोच, हेही लपवलं नाही. मग लो-डोस सीटीबद्दल, म्हणजे कमी किरणांच्या सीटी स्कॅनबद्दल बोलल्या. अमेरिकेत जास्त धोक्याच्या ५३ हजारांवर लोकांपैकी निम्म्यांची वर्षाकाठी अशी तपासणी आणि निम्म्यांचा एक्स-रे केला, तेव्हा एक्स-रेच्या तुलनेत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. पण गाठ सापडली तर ऑपरेशन झेपेल एवढी फुप्फुसात ताकद आहे का, हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्या, असं त्या आवर्जून म्हणाल्या.

किटला पाचपैकी दोन, बाईंना पाच. मागवायचंच असेल तर समुपदेशनासह मिळतं तेच घ्या, आणि फोनच्या वेळी स्पायरोमेट्रीचा (फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजण्याच्या तपासणीचा) शेवटचा रिपोर्ट हाताशी ठेवा. त्या पहिल्यांदा तोच विचारतात.