रंगपंचमीच्या कॉटन सेटचे ११,१८६ रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आधी रकमा लिहिते. ऑनलाइन मागवलेल्या कपड्यांचे ११,१८६ रुपये, आणि नंतर ‘रिटर्न पिकअप’च्या नावाखाली उकळलेले १,४९९. एकूण १२,६८५. यातला एक रुपयाही परत आलेला नाही आणि आता येईल असं मला वाटत नाही. ‘स्वस्ताच्या मागे लागली असेल’ असं कोणी म्हणणार असेल तर थांबा. सेटची किंमत ८९९ होती. कुर्ता आणि पँट मिळून आपल्या मेन रोडवर साधारण याच भावात मिळतं. मी हावरटपणा केला नाही. मला ठरवून लुटलं गेलं.

आमच्या नाशकात धुळवडीपेक्षा रंगपंचमीच जोरात असते. पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाचे जमिनीतले हौद, उघडतात, जुन्या नाशकात माणसं त्यात धप्पा, म्हणजे उडी, मारतात, आणि इकडे सोसायट्यांमध्ये टँकर येतो. आमच्या इमारतीतल्या बायका मागच्या वर्षी पांढरे कुर्ते घालून खाली उतरल्या होत्या. पहिल्याच बादलीत कापड अंगाला चिकटलं, आतलं सगळं दिसायला लागलं, आणि समोरच्या गॅलरीतून कोणीतरी मोबाइल रोखला. निम्म्या बायका पंधरा मिनिटांत वर गेल्या. म्हणून या वर्षी आम्ही चौदाजणींनी आधीच ठरवलं की रंग गडद किंवा दाट छापाचा हवा, कापड जाड सुती हवं, कुर्त्याला अस्तर हवं, बाही कोपराच्या खाली हवी म्हणजे रंग थेट कातडीला लागणार नाही. पँटला नाडी हवी, कारण भिजल्यावर कापड जड होतं आणि इलास्टिक खाली ओढलं जातं. प्लाझो नको, ओल्या फरशीवर त्याचा घोळ पायात येतो. एकीचं बाळ अंगावर पितं, तिला पुढून चेन हवी होती. एकीला उन्हाळा सुरू झाला की घामोळं येतं, तिला पॉलिस्टर अजिबात चालत नाही.

एवढं सगळं मी लिहून काढलं होतं. आणि नेमकं हेच सगळं ऑनलाइन कपडे विकणाऱ्या एका पानाच्या जाहिरातीत होतं. ‘होळी स्पेशल, १०० टक्के कॉटन, पूर्ण अस्तर, नाडीची पँट, दोन्ही बाजूंना खिसे, पुढून चेन हवी असल्यास सांगा.’ एम ते थ्री एक्सएल. व्हिडिओत मुली रंग खेळताहेत, कुर्ते भिजलेत, पण काहीही आरपार दिसत नाही. कोणत्याही बाईला हायसं वाटेल असाच तो व्हिडिओ होता.

आता तो क्षण, ज्याने माझी झोप उडवली आहे. खरं तर दोन आहेत.

पहिला त्या व्हिडिओतच होता. त्यातली मुलगी पायरीवर बसते, उठते आणि गिरकी घेते. कुर्ता पाण्यासारखा वाहतो. तिच्या मांडीवर, पाठीवर, कोपरात एक चुणी नाही. सुती कापड घालून दोन मिनिटं बसलं तरी मागे चुरगळतं, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. मी आयुष्यभर सुती साड्या नेसले, खळ केली, इस्त्री केली. तो कुर्ता सुती असणं शक्यच नव्हतं. तो व्हिडिओ मी इतरजणींना दाखवला, सगळ्यांनी पाहिला, रंग कुठला घ्यायचा यावर अर्धा तास चर्चा केली, आणि कापड कसं पडतंय हे कोणीच पाहिलं नाही.

दुसरा क्षण पैसे पाठवतानाचा. ‘एकावेळी पाचपेक्षा जास्त सेट असतील तर कॅश ऑन डिलिव्हरी नाही, पण आगाऊ दिलेत तर सेटमागे १०० रुपये कमी,’ असं त्यांनी कळवलं. ७९९ गुणिले १४, म्हणजे ११,१८६. क्यूआर स्कॅन केला, रक्कम टाकली, आणि पिन टाकायच्या आधी पडद्यावर घेणाऱ्याचं नाव आलं. दुकानाचं नाव नव्हतं. एका माणसाचं नाव होतं, त्यापुढे ‘एंटरप्रायझेस’सुद्धा नाही, साधं नाव आणि आडनाव. मी थांबले. खरंच थांबले. मेसेज करून विचारलं, ‘हे कोणाचं नाव आहे?’ लगेच उत्तर आलं, ‘मॅडम, अकाउंटंट सरांचं आहे, फर्मचं खातं केवायसीसाठी बंद आहे. स्टॉक संपतोय, होळीनंतर डिस्पॅच होणार नाही.’ आणि मी पिन टाकला. होळी तोंडावर आली होती, चौदाजणींचे पैसे माझ्या खात्यात पडून होते, रोज कोणीतरी विचारत होतं ‘ऑर्डर केली का गं?’ अशा वेळी समोरचा लगेच, व्यवस्थित, मराठीत उत्तर देतो तेव्हा कोणाचाही हात पुढे जातो. त्यांना हे पक्कं माहीत असतं.

पिनच्या आधी दिसणारं नाव हे बँकेत नोंदवलेलं नाव असतं. ते दुकानाच्या नावाशी जुळत नसेल तर तिथेच व्यवहार सोडून द्या. कारण विचारत बसू नका. कारण त्यांच्याकडे तयार असतं.

पार्सल आलं. हे नीट वाचा, कारण फसवणुकीची खरी चावी इथे आहे. पार्सल आलंच नसतं तर माझी तक्रार सरळ होती. त्यांनी पार्सल पाठवलं, ट्रॅकिंग नंबरसकट, रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळी. आत चौदा कुर्ते होते. सगळे एकाच मापाचे, ‘फ्री साइज’. पँट एकही नाही. अस्तर नाही, खिसा नाही, चेन नाही. रंग फिकट लिंबू, कापड इतकं विरळ की मागे धरलेलं वर्तमानपत्र वाचता येत होतं. लेबलवर कापड कशाचं, कोणी बनवलं, कुठे बनवलं, काहीच नाही. शिवणीच्या आतल्या कडेचा, कापडाचाच एक धागा ओढून काडीने पेटवला. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो, आणि मऊ राख बोटांत चुरडते. हा धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. निव्वळ पॉलिस्टर. ओलं झालं की अंगाला चिकटणारं, घाम न शोषणारं, जे टाळण्यासाठी आम्ही एवढा आटापिटा केला तेच.

मी त्यांना फोटो पाठवले. आणि त्यांनी नकार दिला नाही! ‘सॉरी मॅडम, चुकीचा लॉट गेला, पूर्ण रिफंड देतो. रिटर्न पिकअपचे १,४९९ भरा, रिफंडसोबत तेही परत मिळतील.’ मी भरले. का भरले ते सांगते, म्हणजे ‘दुसऱ्यांदाही?’ असं विचारण्याआधी समजेल. तेरा बायकांचे १०,३८७ रुपये माझ्या डोक्यावर होते. त्यातल्या दोघींनी घरी न सांगता साठवलेल्या पैशांतून दिले होते. ते परत मिळण्याची शक्यता दिसत असताना १,४९९ कोणीही भरेल. त्यानंतर त्यांनी ‘रिफंड व्हेरिफिकेशन’साठी मोबाइलचा पडदा त्यांना दिसेल असं एक अ‍ॅप घ्यायला सांगितलं. तिथे मी फोन ठेवला. ते अ‍ॅप घेतलं असतं तर सगळं खातं रिकामं झालं असतं. पैसे परत मिळण्यासाठी आधी पैसे भरावे लागत नाहीत, पिन टाकावा लागत नाही, अ‍ॅप घ्यावं लागत नाही. यातलं काहीही मागणारा माणूस चोर असतो.

आता ज्यांचं काम आपल्याला वाचवणं आहे त्यांच्याविषयी.

१९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक. तो लागला, बऱ्याच प्रयत्नांनी. तक्रार नोंदली, पोचक्रमांक मिळाला. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी गोठवता यावेत म्हणून हा क्रमांक आहे, त्यामुळे पहिले काही तासच महत्त्वाचे. पण मला फसवणूक कळली तीच पार्सल उघडल्यावर! तोवर पहिली रक्कम केव्हाच गेलेली. म्हणूनच तर ते पार्सल पाठवतात.

बँकेत गेले. ‘पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार अधिकृत आहे.’ विषय संपला. ज्या खात्यात पैसे गेले ते कुठल्या तरी बँकेने केवायसी करूनच उघडलं असेल ना? त्या नावाचा माणूस आहे की नाही हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही.

पोलीस ठाण्यात आधी ‘हे सायबरचं आहे’ म्हणाले. सायबरवाल्यांनी कागद पाहिले आणि विचारलं, ‘पार्सल मिळालंय ना? मग हा क्वालिटीचा वाद झाला, ग्राहक मंचात जा.’ ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला तर त्यांनी कंपनीचं नाव आणि पत्ता मागितला. पत्ता असता तर मी स्वतः जाऊन दारात बसले असते. पुन्हा ठाण्यात गेले. तिथला एकजण हसून म्हणाला, ‘मॅडम, होळीला जुने कपडे घालायचे असतात, नवे घ्यायला कोणी सांगितलं?’

हे वाक्य मी विसरणार नाही. बारा हजार रुपये चोरीला गेलेत हे सांगायला आलेल्या बाईला कपड्यांवरून टोमणा. हेच बारा हजार कोणाच्या मोबाइलचे, मोटारसायकलच्या हप्त्याचे असते तर असं हसले असते का? भर चौकात ओल्या, आरपार दिसणाऱ्या कापडात उभं राहावं लागू नये म्हणून बायका कपडे निवडतात. ही हौस नाही, ती आमची गरज आहे. आणि गुन्हा हा गुन्हाच असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची उदाहरणं दिली आहेत. त्यात खोटा नमुना दाखवून, माल त्या नमुन्यासारखाच आहे असं भासवून विकत घ्यायला लावणं, हे उदाहरण स्पष्ट आहे. माझ्याशी अक्षरशः हेच झालं. ‘क्वालिटीचा वाद’ म्हणून मला परत पाठवणाऱ्याने ते कलम उघडून पाहिलं नव्हतं. ‘आमची हद्द नाही’ हेही चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा (ज्याची पोलीस थेट दखल घेऊ शकतात असा) कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी कलमाचा कागद छापून नेला तेव्हा कुठे अर्ज घेतला, शिक्का दिला. गुन्हा अजूनही दाखल नाही. ‘तपास चालू आहे’ एवढंच ऐकते.

तुम्हाला जावं लागलंच तर तोंडी बोलू नका. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पेमेंटचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक), आलेल्या मालाचा फोटो आणि पार्सलवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता, सगळं छापून न्या. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, लेबल दिसेल असा. मी तो काढला नव्हता आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच आला. चॅट लगेच जपून ठेवा, ते लोक त्यांच्या बाजूने मेसेज पुसतात. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीची फी लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पण समोरच्याचा खरा पत्ता नसेल तर नोटीस कोणाला पाठवणार? म्हणून विक्रेत्याचा पत्ता खरेदी करतानाच बघा. ऑनलाइन विकणाऱ्याने नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याची माहिती द्यायला हवी, असं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. नसेल तर घेऊच नका. जीएसटी क्रमांक मागा. तो पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. ज्या पानावर कमेंट बंद असतात तिथे कारण असतं.

आणि कपडे दुकानात जाऊन हातात धरून घ्या. मुठीत चुरगाळा, सोडा, चुण्या राहिल्या तर सुती असण्याची शक्यता जास्त. उजेडासमोर धरा. ओल्या बोटाने एक कोपरा भिजवून पाहा, खालचं बोट दिसलं तर रंग खेळायला ते नको. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. नवं घेतलंच तर आधी एकदा धुवा, खळ निघते आणि नंतर आटायचं ते आधीच आटतं. सामूहिक खरेदी असेल तर एकीच्या खात्यावर सगळे पैसे गोळा करू नका. आधी एकच सेट मागवा, तोही माल दारात पाहून पैसे देण्याच्या अटीवर. याला तयार नसलेल्या विक्रेत्याशी पुढे बोलायचं नाही.

तेराजणींचे १०,३८७ रुपये मी माझ्या भिशीतून परत केले. कोणी मागितले नव्हते, पण लिफ्टमध्ये भेटल्यावर ज्या नजरेने बघायच्या ते मला सहन होत नव्हतं. दोघींनी घेतले नाहीत, त्यांना मी जबरदस्तीने दिले.

ते पान आता बंद आहे. पण तोच व्हिडिओ, तीच गिरकी घेणारी मुलगी, दुसऱ्या नावाच्या पानावर दिसते आहे, ‘नवरात्रीचे नऊ रंग, शुद्ध कॉटन, ग्रुप बुकिंगला सूट’ अशा ओळीसह. मी रिपोर्ट केलं, पान अजून तसंच आहे. कुर्ता बसताना चुरगळत नसेल आणि पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळं निघालं तर ते तेच लोक आहेत. पैसे पाठवू नका, आणि पाठवले असतील तर पार्सलची वाट न बघता लगेच १९३० लावा.