पिकेटी वाचायचा असेल तर सातव्या प्रकरणापासून
बँकेत एकोणीस वर्षं मी एकच काम केलं, मृत खातेदारांच्या वारसांचे दावे तपासायचं. कुणाच्या वाट्याला किरकोळ शिल्लक यायची, तर कुणाच्या नावावर एका सहीनं एवढं चढायचं की त्याला पुढे कमवायची गरजच उरायची नाही. अर्ज दोघांना एकच.

निवृत्त झाल्यावर मी फ्रेंच अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी यांचं ‘कॅपिटल इन द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी’ आणलं. मूळ फ्रेंच २०१३चं, आर्थर गोल्डहॅमर यांचा इंग्रजी अनुवाद २०१४चा, पानं जवळपास सातशे. सुरुवातीला राष्ट्रीय उत्पन्न, भांडवल, वाढीचा दर यांच्या व्याख्या येतात. त्या गरजेच्या आहेत, पण मी तिथंच अडकले आणि दोन महिने पुस्तक उघडलंच नाही. म्हणून सांगते, थेट सातवं प्रकरण काढा.

ते सुरू होतं एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच लेखक बाल्झाक याच्या कादंबरीतल्या एका संवादानं. कायदा शिकणाऱ्या गरीब रास्तिन्याकला व्होत्रँ नावाचा मुरलेला गुन्हेगार हिशोब मांडून दाखवतो: शिकून, राबून उभ्या आयुष्यात जे मिळेल, त्याहून जास्त एका श्रीमंत वारस मुलीशी लग्न केलं की लगेच मिळेल. दहा लाख फ्रँकची मालमत्ता, ५ टक्क्यांनी वर्षाला ५० हजार. (त्यासाठी त्या मुलीच्या भावाचा खून करावा लागणार असतो, तो भाग वेगळा.) पिकेटी हा हिशोब वाङ्मय म्हणून सोडून देत नाहीत. करांच्या आणि वारसाहक्काच्या जुन्या नोंदी काढून, त्या काळी तो खरा होता का हे तपासतात. खरा होता. माझ्या टेबलावरच्या फायलींचा अर्थ मला तिथं लागला.

याच प्रकरणात एक तक्ता आहे. १९१०च्या युरोपात वरच्या १० टक्के लोकांकडे ९० टक्के मालमत्ता होती, मधल्या ४० टक्क्यांकडे ५ आणि खालच्या निम्म्या लोकांकडेही ५. दोन महायुद्धं झाली, चढे कर आले, आणि २०१०ला वरचा वाटा ६० वर आला, मधला ३५ वर गेला. खालची ओळ मात्र ५ची ५च. शंभर वर्षांत घरं बांधली, पैसा साठवला तो मधल्यांनी. त्या ओळीवर मी पेन्सिलीनं इतक्यांदा रेघ ओढलीय की कागद झिजलाय.

भांडवलावरचा परतावा (व्याज, भाडं, नफा) अर्थव्यवस्थेच्या वाढीपेक्षा जास्त राहिला, तर जुनी संपत्ती कमाईला मागे टाकत जाते, हा पुस्तकाचा कणा. तो समजला की मग पहिली सहा प्रकरणं वाचा, आता ती जड जाणार नाहीत. शेवटचा जागतिक संपत्ती कराचा प्रस्ताव मला पटला, पण सगळ्या देशांना एकत्र कसं आणायचं याचं उत्तर अपुरं वाटलं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्याबद्दल या सातशे पानांत फार कमी आहे. वारशात बायकांच्या वाट्याला काय येतं, याबद्दल तर जवळपास नाहीच. माझ्यासमोर सही करून आपला हिस्सा सोडणाऱ्या बहिणी मी मोजू शकणार नाही इतक्या होत्या. भर फ्रान्स, ब्रिटन, अमेरिकेवर, कारण जुन्या नोंदी तिथं सापडतात. २०१९च्या ‘कॅपिटल अँड आयडियॉलॉजी’मध्ये पिकेटींनी हा पाश्चात्त्य कल स्वतःच मान्य केला आणि गुलामगिरी, वसाहती, जातिव्यवस्था यांकडे वळले. ते याहूनही जाड आहे. ते मी पहिल्या पानापासून वाचतेय.